सकाळची शिल्लक

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर मी सतरा वर्षं हिशेब लिहिते. लिहिते म्हणजे आता टॅलीत भरते, पण आमचे शेठ जुन्या वळणाचे. दिवस संपताना रोजमेळ त्यांना कागदावरच लागतो. फेब्रुवारीत नवी हळद यायला लागली की आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. २०१६ च्या अशाच एका ऐन हंगामात माझ्या टेबलावर नमुन्याचं ताट होतं. खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतात, तसं एक मोडून ठेवलेलं. मी ते उचललं आणि आमच्या हमालमामांना म्हटलं, "यंदा राजापुरीला रंगच नाही ओ." ते माझ्याकडे बघतच राहिले. "काय बोलायलाय ताई, असला रंग पाच वर्षांत बघितला न्हाई."

रंग हळदीचा गेला नव्हता. घरी येऊन एकेक डोळा झाकून बघितलं. डाव्या डोळ्याला चटणीचा डबा लालभडक, उजव्याला विटलेला, धुवून धुवून फिका पडलेल्या साडीसारखा. डोळा इकडून तिकडे फिरवला की मागे ठणकायचं. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून मिळाला, नवा चष्मा आला, आणि चार दिवसांत उजव्या डोळ्यासमोर मधोमध तेलाचा हात लागलेल्या काचेसारखा डाग बसला. मग मिरज. आमच्याकडे कशातच निदान लागलं नाही की माणूस मिरजेला जातो. आठ-दहा किलोमीटरवर दवाखान्यांचं गावच आहे ते.

तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवला, दोनदा, तीनदा. मग डोळ्याचं सोडून भलतंच विचारलं, "याआधी कधी हातापायाला मुंग्या, बधिरपणा?"

आलेला. २०१४ च्या दिवाळीनंतर कमरेपासून खाली तीन आठवडे पाय माझे नव्हतेच. गरम पाणी ओतलं तरी पायाला कळायचं नाही, जाड ब्लँकेटवरून कुणी पाणी ओततंय असं वाटायचं. तेव्हा कमरेची गादी सरकली असेल म्हणून पट्टा मिळाला, बी-१२ ची इंजेक्शनं झाली, आणि ते आपोआप गेलं. गेलं म्हणून मी विसरले. आणखी एक होतं, ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं. मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून टाचांपर्यंत सळ्‌कन करंट जायचा. पहिल्यांदा झालं ते गणपती मंदिरात, नमस्काराला वाकले तेव्हा. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "देव पावला म्हणायचं."

मेंदूचा आणि मानेचा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढलं, रक्ताच्या तपासण्या झाल्या. डोळ्याच्या नसेवर हल्ला करणारा, डॉक्टरांना संशय होता त्या आजारासारखाच दिसणारा दुसरा एक आजार असतो आणि त्याची औषधं वेगळी असतात, म्हणून तो नाही ना याचीही खात्री केली. मेंदूरोगतज्ज्ञांनी फिल्म उजेडाला धरली. पांढरे ठिपके. काही जुने, काही ताजे. "मल्टिपल स्क्लेरोसिस," ते म्हणाले आणि कागदावर एक नस काढून तिच्याभोवतीचं आवरण पेनाने गिरवायला लागले. आपल्याच शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा त्या आवरणाला शत्रू समजून कुरतडते, म्हणून संदेश पोचत नाहीत, उशिरा पोचतात, चुकीचे पोचतात.

माझ्या नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा भरतो. तो इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "म्हणजे तार शाबूत आहे, वरचं इन्सुलेशन गेलंय." डॉक्टर म्हणाले, "अगदी बरोबर." थोडं थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "पण इन्सुलेशन फार दिवस गेलेलं राहिलं तर तारही खराब होते. म्हणून औषध लवकर सुरू करायचं." पुढे सगळ्या नातेवाइकांना आजार समजावून सांगायचं काम मी ह्यांच्याकडेच दिलं. मी सांगायला लागले की समोरचे रडायला लागायचे. हे सांगायला लागले की माणसं प्रश्न विचारायची.

पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टेरॉइड सलाईनमधून. तोंडाला लोखंड चघळल्यासारखी चव, आणि रात्री झोप म्हणून नाही. तिसऱ्या रात्री मी फडताळातले सगळे डबे घासले. दोन महिन्यांत डोळा बराचसा परत आला. लाल रंग मात्र उजव्या डोळ्याला अजून दोन आणे कमीच दिसतो.

त्यानंतर आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन, शनिवारी रात्री मांडीत, म्हणजे ताप-अंगदुखी रविवारी सुट्टीत निघून जाते. पाच वर्षांची माझी मुलगी शाळेत सांगून आली, "माझ्या आईला दर रविवारी ताप येतो."

आता हळदीबद्दल सांगायलाच हवं. निदान झाल्याचं कळल्यावर भेटायला आलेल्या दहापैकी आठ जणांनी मला हळद घ्यायला सांगितलं. दुधातून, मधातून, आवळ्याच्या रसातून. मी जन्मापासून सांगलीची, नोकरी हळदीच्या पेढीवर, संध्याकाळी केस झटकले तर पिवळी धूळ पडते. हळदीने हा आजार थांबत असता तर मार्केट यार्डात तो कुणाला झालाच नसता. हे मी तोंडावर कुणाला म्हटलं नाही. सासूबाई देतात ते हळदीचं दूध मी अजून पिते, कारण त्या रात्री दहा वाजता माझ्यासाठी ते गरम करतात.

पण हसून सोडून देण्यासारखं सगळं नव्हतं. २०१८ मध्ये लांबच्या नात्यातल्या एकाने एका माणसाचा पत्ता दिला. तो आजार मुळापासून काढतो, अट एकच, इंजेक्शनं बंद करायची. तोवर दोन वर्षांत एकही झटका, म्हणजे डोळ्यासारखा नवा हल्ला, आला नव्हता. मला वाटलं, मी बरीच आहे की, मग दर शनिवारी ही सुई कशाला? झटका न येणं हेच त्या सुईचं काम होतं, हे माझ्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्या बाईला कळू नये! विम्याचा हप्ता भरतो आणि वर्षभर काही झालं नाही म्हणून कुणी हप्ता वाया गेला म्हणत नाही. आठ महिने मी पुड्या खाल्ल्या. डॉक्टरांना सांगितलं नाही. ह्यांनाही पहिले दोन महिने सांगितलं नाही.

२०१९ च्या संक्रांतीला वाणाला निघाले होते. तीन घरं झाली आणि चौथ्या घराच्या पायरीवर मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझी एक चप्पल कुठाय?" उजव्या पायातली चप्पल मागे गल्लीतच पडली होती आणि मला कळलं नव्हतं. दोन दिवसांत उजवा पाय ओढत चालायला लागले. पुन्हा सलाईन. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. या वेळी पाय पूर्ण परत आला नाही. सपाट रस्त्यावर पाच-सातशे पावलं ठीक जातात, मग पंजा उचलत नाही, फरशीला घासतो.

त्या पायासाठी ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जायला लागले, त्यांनी व्यायामाआधी विचारलं, "दिवसभरात काय काय करता, ते सांगा." सकाळी साडेपाचपासून सांगितलं. त्या म्हणाल्या, "औषध पुढचा झटका टाळण्यासाठी आहे. आजचा दिवस कसा काढायचा ते औषध सांगत नाही. ते तुम्हालाच शोधायचंय." आणि एक वही करायला सांगितली.

वही म्हटल्यावर माझा हात सवयीने रोजमेळाच्याच चालीने चालला. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, खाली शिल्लक. जमेला झोप किती, दुपारची आडवी झालेली वीस मिनिटं, थंड पाणी, एखादा दिवस हसण्यात गेलेला तास. नावे बाजूला सगळा खर्च. सकाळी उठल्यावर अंगात किती आहे ते दहापैकी आकड्यात लिहायचं, रात्री पुन्हा लिहायचं.

या आजारातल्या थकव्याबद्दल सांगणं अवघड आहे, कारण शब्द तोच आहे. "आम्हीपण दमतो गं," असं बायका म्हणतात आणि त्या खऱ्याच दमतात. पण दमलेला माणूस काम करून दमतो. मी कधी कधी काहीच न करता सकाळी नऊला अशी होते की कंगवा डोक्यापर्यंत नेणं हे काम वाटतं. वीज नसलेल्या पंपाचं बटण दाबावं तसं. बाहेरून काही दिसत नाही. चेहरा तजेलदार, साडी नेटकी, आणि आत शून्य शिल्लक.

दोन महिन्यांच्या नोंदी मी एका रविवारी खतावणीसारख्या मांडल्या, आणि चोर सापडला. माझा सगळ्यात मोठा खर्च पेढीवर होत नव्हता, बाथरूममध्ये होत होता. बंबाचं कडकडीत पाणी! सकाळी आठ घेऊन उठायची आणि अंघोळ करून बाहेर येताना पाच. पाय लटपटायचे, उजवा डोळा धुरकट व्हायचा, अर्ध्या तासाने निवळायचं. मला ते दर वेळी नव्या झटक्याची सुरुवात वाटायची. डॉक्टरांनी सांगितलं की आवरण गेलेल्या नसांतून अंग थोडं तापलं तरी संदेश अडतात, आणि गार झालं की पुन्हा सुरू होतात. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच हे नोंदवलं होतं, व्यायामानंतर रुग्णाची नजर अंधुक होते म्हणून. एमआरआय येण्यापूर्वी तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून हा आजार आहे का ते तपासायचे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या आसपास गेला की आमची अख्खी सांगली तो टब होते.

ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मोटार गरम झाली की ट्रिप होते. जळली असं नाही. गार होऊ द्यायची, परत चालते." तेव्हापासून आमच्या घरात "ट्रिप झालीय" हा शब्द चालू झाला. मुलगी म्हणते, "आजी, आईला हाक मारू नको, ट्रिप झालीय."

मग बरंच बदललं. अंघोळ कोमट, उन्हाळ्यात सरळ गार. डोक्याला आणि मानेला ओला पंचा. टेबलाजवळ कूलर. भाकऱ्या सासूबाईंनी घेतल्या. हे लिहायला एक ओळ लागली, पण स्वयंपाकघरात चार महिने गेले. तव्यासमोर उभं राहून भाकरी थापायची म्हणजे माझे तीन गुण जायचे, आणि सत्तरीच्या बाईला ते काम देताना माझी मान वर व्हायची नाही. त्यांनीच एक दिवस काथवट पुढ्यात ओढली. "तू भाजी चीर बसून. माझ्या भाकरीला नावं ठेवायची नाहीस मात्र." त्यांची भाकरी जाड असते. मी नावं ठेवत नाही.

उचल हा शब्दही या वहीनेच शिकवला. म्हणजे माहीत होताच, हमालांच्या नावावर मीच लिहिते. आज अंगात नसताना उद्याचं खर्च केलं की ती उचल, आणि तिला व्याज लागतं. बहिणीच्या मुलीच्या लग्नात दोन दिवस मी उचल घेऊन नाचले, अक्षरशः नाचले. नऊ दिवस फेडत होते. फिजिओथेरपिस्ट बाईंना वाटलं मी पश्चात्ताप सांगतेय. नाही. ते व्याज मी आनंदाने भरलं. सगळी शिल्लक जपून ठेवून करायचं काय? पण घेताना आपण उचल घेतोय हे माहीत असावं, एवढंच. न कळत घेतलेली उचल बुडवते.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट लिहू की नको, यावर दोन दिवस विचार केला. लघवी. या आजारात मूत्राशयाचे संदेशही बिघडतात. आली म्हटली की आलीच, दोन मिनिटंही धीर नाही. मार्केट यार्डात बायकांसाठी धड सोय कुठली! मी त्यावर माझा उपाय काढला होता, सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. वर्षभर तसंच चाललं. मग एका दुपारी थंडी वाजून ताप आला आणि दोन्ही पाय गेले. मिरजेला जाईपर्यंत मी मनात मुलीच्या नावावर खातं कुणी बघायचं इथपर्यंत पोचले होते. तपासलं, तर लघवीत जंतुसंसर्ग. तापाने नसा ट्रिप झाल्या होत्या, नवा झटका नव्हताच. प्रतिजैविकं घेतली, ताप उतरला, चार दिवसांत पाय परत. पाणी कमी, म्हणून संसर्ग, म्हणून ताप, म्हणून पाय. आणि या सगळ्याच्या मुळाशी, शेठना "मला बाथरूम जवळ लागतं" हे सांगायची लाज. सोनोग्राफीत दिसलं की लघवी करून आल्यावरही बरीच आत शिल्लक राहते. ही एक शिल्लक कुणाला नको! आता घड्याळ लावून दर दोन-अडीच तासांनी जाते, आली असो नसो, पाणी दिवसभर घोटघोट पिते, संध्याकाळी सातनंतर कमी. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवले, ते पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाचे हिशेब, लिहिता लिहिता खुर्चीवर होतात आणि कुणाला कळत नाहीत. नवरा-बायकोतल्या काही गोष्टीही अशाच बिघडतात. त्या इथे लिहीत नाही, पण डॉक्टरांना विचारल्या, आणि त्यांच्याकडे उत्तरं होती.

शेठना सांगावं लागलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. एका शेतकऱ्याची पट्टी मी ४,५६,००० ऐवजी ५,४६,००० ची केली. त्या माणसाने स्वतः परत आणून दाखवली. "ताई, ह्यात जास्त दिसतंय." फरक नऊने भागला गेला की आकड्यांची अदलाबदल झालीय समजावं, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. नव्वद हजारांचा फरक, आणि तो माझ्या हातून. या आजारात स्मरण आणि लक्षही मंदावू शकतं, हे वाचलं होतं, पण हिशेबात चूक म्हणजे माझ्यासाठी पाय जाण्यापेक्षा वाईट. त्या संध्याकाळी शेठच्या केबिनमध्ये सगळं सांगितलं, लघवीसकट. शेठ बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "पट्ट्या सकाळी आठ ते बारा करत जा. दुपारनंतर पैशाचं काम करायचं नाही. आणि दुसऱ्याने तपासल्याशिवाय माझीसुद्धा सही होणार नाही." मागच्या गोदामाशेजारची मोरी दुरुस्त करून तिला कडी बसवली. मी पाच वर्षं लपवलं होतं ते वीस मिनिटांत मिटलं. सगळ्यांचे मालक असे नसतात, हे मला माहीत आहे. माझी एक ओळखीची बाई, हाच आजार, खासगी शाळेत शिकवायची, सांगितल्यावर पुढच्या जूनमध्ये तिला बोलावलंच नाही. म्हणून सगळ्यांनी सांगूनच टाका असं मी म्हणणार नाही.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही गावभागात राहतो. पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्या चढायला लागलं तेव्हा आम्ही विश्रामबागला बहिणीकडे निघालो. ह्यांनी मुलीला घेतलं, सासूबाईंनी देव घेतले, मी थर्मास घेतला. लग्नात मिळालेला, कधी न वापरलेला. त्यात चार इंजेक्शनं आणि फ्रीजमधला होता नव्हता तेवढा बर्फ. ही इंजेक्शनं दोन ते आठ अंशांत ठेवायची असतात. बहिणीकडेही वीज जाऊन-येऊन. बर्फ तर शहरात मिळतच नव्हता. शेवटी डबी कोरड्या प्लास्टिकमध्ये बांधून माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवली. डॉक्टरांना फोन लागला तिसऱ्या प्रयत्नात. ते म्हणाले, तुमचं जे इंजेक्शन आहे ते थोडे दिवस बाहेर चालतं, फक्त तापू देऊ नका, गोठू देऊ नका. पुढे ह्यांनी ती मिरजेच्या औषधवाल्याच्या फ्रीजमध्ये पोचवली.

पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ. सगळी गल्ली फावडी घेऊन उतरली आणि मी जिन्यावर बसलेली. दहा मिनिटं खराटा धरला तर पंजा गाळातच रुतून राहिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू राहू दे गं बाई," त्या प्रेमानेच म्हणाल्या, आणि मला वाटलं त्या गाळाबरोबर आपल्यालाही उचलून टाकावं. त्या रात्री ह्यांनी कुठून तरी एक टेबल धुवून आणलं आणि दारात मांडलं. "पंचनाम्याचे कागद कुणाला भरता येईनात. तू बस." अकरा दिवस मी त्या टेबलाशी बसले. गल्लीतल्या एकवीस घरांचे अर्ज, रेशन कार्डांच्या झेरॉक्स, भिजलेली पासबुकं इस्त्रीने वाळवणं, कुणाचं काय गेलं त्याच्या याद्या. बसून, सावलीत, पंख्याशिवाय पण ओला पंचा मानेवर. रात्रीची शिल्लक बऱ्याचदा शून्य, पण त्या अकरा दिवसांत सकाळचा आकडा एकदाही सहाच्या खाली नाही. असं का, ते मला वहीत कुठल्या रकान्यात लिहावं कळलं नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी नुसती मान हलवली.

मनाचं उलटंही झालं. पुरानंतरच्या हिवाळ्यात सगळं ठीक असताना मी पहाटे चारला उठून रडायला लागले. आधी वाटलं, आजार आहे तर रडू येणारच. नंतर कळलं की औदासीन्य या आजारात निव्वळ परिस्थितीमुळे येत नाही, ते आजाराचाही भाग असू शकतं, आणि त्याला वेगळं औषध आहे. मानसोपचारतज्ज्ञांच्या पाटीखालून आत जाताना ओढणी डोक्यावरून घेतली होती. आत आमच्या गल्लीतले दोघे बसलेले. तिघांनीही एकमेकांना ओळख दाखवली नाही, आणि आता तिघांचं चांगलं जमतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, हे मला दोन वर्षं माहीतच नव्हतं. दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीवर पहिल्यांदा ऐकलं ते, "तुम्ही तर चालत आलाय की." चालत आले होते, सकाळी नऊला, वजाबाकी करून. दुसऱ्यांदा सगळे एमआरआय, डॉक्टरांचं पत्र आणि कायद्याच्या यादीचं पान घेऊन गेले, आणि दुपारी बाराला गेले. चालणं आपोआप खरं दिसलं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते, तिची पुण्यातही शाखा आहे. तिथल्या एका बाईंशी फोनवर बोलले तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी अंघोळीचं समजावून सांगावं लागलं नाही. मी "गरम पाणी" म्हटलं आणि त्या हसल्या.

२०२२ पासून आठवड्याचं इंजेक्शन गेलं. आता सहा महिन्यांतून एकदा रिटुक्सिमॅब, दिवसभर सलाईन. रविवारचा ताप संपला, पण संसर्गाची काळजी वाढली. लसी वेळेआधी उरकून घ्याव्या लागतात, आणि पेढीवर कुणी शिंकलं की मी कूलरची दिशा बदलते.

व्यायामात मला सगळ्यात मानवलं ते पाणी. पोहता येत नाही. महिलांच्या वेळेत तलावात छातीभर पाण्यात कठडा धरून नुसती चालते. अंग तापत नाही, पडायची भीती नाही, आणि पंजा पाण्यात उचलतो. बाहेरचं चालणं हरिपूर रस्त्यावर, सकाळी सहाला, झाडांच्या सावलीतून. पूर्वी श्रावणी सोमवारी घरापासून संगमेश्वराच्या देवळापर्यंत चालत जायचो. आता अर्ध्यावर एका पारावर बसते, पुढे रिक्षा. देवाची तक्रार नाही. रिक्षावाला ओळखीचा झालाय, तो नारळसुद्धा फोडून देतो.

काठी मात्र मी घेत नव्हते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोन वर्षं सांगून घ्यायला लावली, घडीची, ॲल्युमिनियमची. ती अकरा महिने दारामागे खुंटीला टांगलेली. सासूबाईंची काठी आणि माझी काठी शेजारी शेजारी, हे मला बघवत नव्हतं. या फेब्रुवारीत सौदे सुरू झाले, यार्डात पोत्यांच्या थप्प्या, वाट निमुळती, आणि मी एकदा तोल जाऊन थप्पीवर आदळले. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन गेले. फाटकापासून पेढीपर्यंत मान खाली. मान खाली म्हणून पाठीत करंट, म्हणून पुन्हा मान वर.

तेच हमालमामा, नमुन्याच्या ताटावेळचे, आता पाठीत वाकलेत. त्यांनी काठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पोतं खाली ठेवलं.

"ताई, काठी घेतलीसा ते लई बरं केलासा."

"का ओ मामा?"

"न्हाई म्हणजे… माणसं बोलायची. म्हणायची, ताई दुपारी जेवणाच्या सुट्टीत थोडी घेऊन येत्यात जणू."

पाच-सहा वर्षं अख्खं मार्केट यार्ड मला पिणारी समजत होतं आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी इतकी हसले की शेठ केबिनमधून बाहेर आले.